मोबाईल गेमचं संगीत : मुलं ऐकतात, आपण कधी ऐकणार?



'मोबाईल गेम : शाप की वरदान' हा निबंध आपण मुलांना किती वेळा लिहायला लावला असेल! तो तपासून तपासून आता पाठ झालाय. डोळे बिघडतात, अभ्यास मागे पडतो, मैदानी खेळ विसरले, पण बुद्धीला चालना मिळते, म्हणून प्रमाणात खेळावे. संपला निबंध. मुलांचा यात काही दोष नाही, आपण जे सांगतो तेच ती लिहितात. पण एवढ्या निबंधांत गेमच्या आवाजाबद्दल, त्यातल्या संगीताबद्दल एक ओळसुद्धा मला कधी सापडली नाही. चित्रपटावर बोलताना आपण गाण्यांवर बोलतो, नाटकावर बोलताना पार्श्वसंगीताचा उल्लेख होतो. गेमच्या बाबतीत मात्र आपलं सगळं लक्ष पडद्यावर. आणि मुलाच्या कानात काय चाललंय, ते पाहायला आपण जातच नाही.

मी शेलूच्या परिसरात प्राथमिक शाळेत शिकवते. ज्यांना शेलू माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कर्जत लोकलने आलात की वांगणी गेलं की शेलू, मग नेरळ. एका बाजूला उल्हास नदी, मधून रेल्वे, आजूबाजूला भातशेती, ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या आणि आता दरवर्षी उंच होत जाणारे नवे टॉवर. वर्गात सगळीकडची मुलं असतात. कुणाच्या घरी दोन-दोन मोबाईल, कुणाच्या घरी एकच, तोही बाबा कामावरून आल्यावर हातात येणारा. पण मधल्या सुट्टीत कान दिलात तर सगळ्यांच्या तोंडी आवाज तेच. नाणी गोळा होतानाचा 'टिंग टिंग', बंदूक भरल्याचा 'खट्‌क', आणि बीजीएमआय सुरू होताना वाजणारी ती धून. ज्याच्या घरी मोबाईल नाही त्यालाही ती येते. शेजारच्या मुलाच्या खांद्यावरून बघत बघत पाठ झालेली असते.

बालगीताची चाल बसवायला आम्हाला आठवडा लागतो. ही धून कुणी शिकवलीही नाही. मग ती इतकी घट्ट कशी बसली, हा प्रश्न शिक्षक म्हणून आपल्याला पडायला नको का?

डीएडला आपण सगळ्यांनी पाव्हलॉव्हचा कुत्रा पाठ केलाय. आवाज झाला की अन्न, आवाज झाला की अन्न, शेवटी नुसता आवाज झाला तरी तोंडाला पाणी. अभिजात अभिसंधान. पाच मार्कांचं उत्तर. (आपल्या नोट्समध्ये फक्त घंटा असायची, पण पाव्हलॉव्हने मेट्रोनोमही वापरला होता, म्हणजे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना ठेका दाखवणारं यंत्र!) मग स्किनर. त्याचा उंदीर, त्याचं कबुतर, आणि त्याने दाखवलेली ती महत्त्वाची गोष्ट : बक्षीस दर वेळी मिळत असेल तर ते बंद होताच प्राणी लवकर थांबतो, पण कधी मिळेल याचा नेम नसेल तर तो कळ दाबतच राहतो. हे आपण परीक्षेपुरतं लिहिलं आणि विसरलो. गेम बनवणारे विसरले नाहीत.

कँडी क्रश आठवा. २०१२ चा खेळ, आपल्यापैकी कित्येक जणींनी लोकलमध्ये उभ्याने खेळलेला. रंगीत गोळ्या फुटल्या की एक जाड, गोड पुरुषी आवाज शाबासकी देतो. किती गोळ्या फुटतील हे आपल्या हातात थोडंच, नशिबात जास्त. पण शाबासकी मात्र आपल्यालाच. वर्गात मी एखाद्याला दिवसातून एकदा 'छान' म्हणत असेन. मोबाईल मिनिटाला पाच वेळा म्हणतो, आणि तेही कधी म्हणेल ते कळत नाही. आमची स्पर्धा कुणाशी आहे हे लक्षात घ्या.

आता याचा अर्थ गेमचं सगळं संगीत म्हणजे सापळा, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं सोपं आहे आणि खोटंही आहे. थोडं मागे जाऊन पाहू.

१९७८ मध्ये जपानमध्ये 'स्पेस इनव्हेडर्स' नावाचा खेळ आला. वरून परग्रहावरच्या शत्रूंच्या रांगा खाली सरकतात, आपण खालून गोळ्या मारायच्या. त्याला संगीत म्हणावं असं फक्त चार सुरांचं होतं. उतरते चार सूर, पुन्हा तेच, पुन्हा तेच. पण शत्रू कमी होत जातात तसे उरलेले जोरात सरकायला लागतात, आणि ते चार सूरही त्यांच्याबरोबर जलद होतात. बस एवढंच. आणि खेळणाऱ्याच्या छातीत धडधड! यात नवीन काय, असं आपल्या गावातल्या कुठल्याही भजनी बुवांना विचारा. अभंग संथ सुरू होतो, मग लय वाढत जाते, टाळ तापतात, आणि शेवटी बसलेला माणूस उठून नाचायला लागतो. विलंबित, मध्य, द्रुत. लय वाढली की अंग ऐकतं, डोक्याला विचारत नाही. त्या खेळाने हे यंत्राला शिकवलं, आणि वर एक गोष्ट जोडली : लय किती वाढवायची हे बुवा ठरवत नाहीत, तुमचा खेळ ठरवतो.

माझ्या मते गेमच्या संगीताचं खरं वेगळेपण इथेच आहे. सिनेमात नायिका धावली की संगीत धावतं, पण ते आधीच ठरलेलं असतं. तुम्ही थिएटरात झोपलात तरी ते तसंच वाजणार. गेममध्ये मूल स्वतः वाजवत असतं, फक्त त्याला ते माहीत नसतं.

माझ्या वयाच्या वाचकांना टीव्हीला जोडायचे ते खेळ आठवत असतील. पिवळी कॅसेट, आत शंभर गेम म्हणून सांगायचे आणि निघायचे दहाच, बाकी तेच पुन्हा पुन्हा. त्यात मारिओ हमखास. 'सुपर मारिओ ब्रदर्स' १९८५ चा, संगीत कोजी कोंडो यांचं. त्या यंत्राची ताकद किती? एका वेळी जेमतेम चार-पाच आवाज. दोन चालीसाठी, एक खालच्या जाड सुरांसाठी, आणि एक नुसता 'श्श्श' असा खरखराट, तोच ढोल म्हणून वापरायचा. पेटी, पखवाज, टाळ आणि गाणारा, एवढ्यात आपलं भजन उभं राहतं ना, तसंच. त्यात त्यांनी जमिनीवरची उड्या मारणारी चाल वेगळी केली, भुयारातली दबकी वेगळी, पाण्याखालची डुलणारी वेगळी. नाणं घेतलं की दोन सूर, दुसरा पहिल्यापेक्षा वर. वेळ शंभरच्या खाली आला की तीच चाल एकदम पळायला लागते. कुणी पाटी लावून सांगत नाही 'आता घाई कर'. कान सांगतो, बोटं ऐकतात. चाळीस वर्षं झाली, ती चाल आजही लोक गुणगुणतात. मला हे कौशल्य फार मोठं वाटतं. थोडक्या साधनांत किती सांगता येतं याचा हा धडाच आहे, आणि साधनं थोडकी म्हणून रडणाऱ्या आपल्यासारख्यांना तर विशेष.

त्या मानाने आजचे फुकट मिळणारे मोबाईल गेम मला संगीताच्या बाबतीत गरीब वाटतात. आवाज खूप, सांगणं कमी. एकच तुकडा फिरून फिरून वाजतो, खेळात काय घडतंय याच्याशी त्याचा फारसा संबंध नसतो. संबंध असतो तो फक्त पेटी उघडण्याशी, नाणी पडण्याशी, 'आणखी एकदा' म्हणण्याशी. मारिओचं नाणंही वाजायचंच, पण ते नाणं विकत घ्यायला बाबांच्या फोनमधून पैसे जात नव्हते.

पण एक अपवाद सांगायलाच हवा, आणि तो नेमका त्या खेळाचा आहे ज्याला आपण सगळ्यात जास्त शिव्या देतो. पबजी. २ सप्टेंबर २०२० ला त्यावर बंदी आली, २०२१ च्या जुलैत तो बीजीएमआय या नावाने आला, २०२२ मध्ये पुन्हा दिसेनासा झाला आणि २०२३ च्या मे महिन्यात परतला. या सगळ्या धावपळीत मुलांचं काय झालं? काही नाही. फ्री फायरवर २०२२ मध्ये बंदी आली तेव्हा ती फ्री फायर मॅक्सवर गेली. असो. मुद्दा संगीताचा आहे. या खेळात ती जोरदार धून वाजते ती सुरुवातीला, सगळे जमतात तिथे. एकदा विमानातून उडी मारून मैदानात उतरलात की पार्श्वसंगीत बंद. शांतता. गवताची सळसळ, दूरवर गोळी, आणि पावलं. कुणीतरी लाकडी जिन्यावरून चालतंय. डावीकडून की उजवीकडून? वरच्या मजल्यावर की खालच्या? बूट काँक्रीटवर वाजतोय की गवतावर?

ही शांतता फार हुशारीने केलेली आहे. चौथीतला एक मुलगा, ज्याला मी 'लक्ष देऊन ऐक' असं दिवसातून दहा वेळा सांगते, तो मला समजावून सांगत होता की पावलांच्या आवाजावरून शत्रू किती लांब आहे ते कसं ओळखायचं. त्याने केलेलं वर्णन इतकं नेमकं होतं की मी थक्क झाले. श्रवण, भाषण, वाचन, लेखन ही आपली चार कौशल्यं. पहिल्या कौशल्यात आपण ज्याला 'ड' श्रेणीचा समजतो, तो प्रत्यक्षात 'अ' श्रेणीचा निघाला. फक्त त्याला ऐकण्यासारखं काहीतरी मिळायला हवं होतं. पूर्वी रानात जाणाऱ्या माणसाचा कान असाच तयार असायचा. आमच्या वाड्यांवरचे आजोबा अजूनही पाखराच्या आवाजावरून काय काय सांगतात. नातवाचा कान तोच आहे, रान बदललंय.

मात्र याच गोष्टीची दुसरी बाजू आमच्या गावात भयंकर आहे. पावलं ऐकायची म्हणून मुलं इअरफोन घालतात. दोन्ही कानांत. आणि तसेच रुळांकडेने चालतात.

शेलूसारख्या गावात रेल्वे म्हणजे अंगणच. पलीकडे जायचं तर पूल लांब पडतो म्हणून रूळ ओलांडणारे कमी नाहीत, मोठीच माणसं ओलांडतात, मुलं बघतात. इथे कान हीच सुरक्षा आहे. लोकल वेगळी वाजते, मालगाडी वेगळी, लांब पल्ल्याची न थांबता जाणारी गाडी तर येईपर्यंत कळतही नाही, रुळांचा बारीक आवाज सुरू होतो आणि मग एकदम भोंगा. त्या बारीक आवाजावर जीव अवलंबून असतो. तो बंद करून मूल दुसऱ्याच कुठल्यातरी बेटावरच्या पावलांकडे कान लावून चाललेलं असतं.

आणि त्यात 'सबवे सर्फर्स'! हाही २०१२ चा खेळ, डेन्मार्कमध्ये तयार झालेला. एक मुलगा रेल्वेच्या डब्यांवर रंगाने चित्रं काढतो, निरीक्षक कुत्रा घेऊन मागे लागतो, मुलगा रुळांवरून पळत सुटतो. गाड्या समोरून येतात, तो टपावर चढतो, उड्या मारतो, नाणी गोळा करतो. त्याने मुंबईचीही आवृत्ती काढली होती. संगीत कसं? उत्साही, नाचरं, सहलीला निघाल्यासारखं. गाडीला धडकला की एक गमतीदार 'धप्प', आणि चावी दिली की जीव परत, पळणं पुन्हा सुरू. हा खेळ पहिली-दुसरीची मुलं खेळतात, कारण वाचता यावं लागत नाही. मी या खेळावर बंदी घाला म्हणत नाही. पण जरा विचार करा, याच चित्रांना दुसरं संगीत लावलं असतं तर? समोरून येणाऱ्या गाडीचा खरा भोंगा, खऱ्या ब्रेकची किंचाळी लावली असती तर हा खेळ एक मिनिट खेळवला असता का? रुळांवरून पळणं ही मजा आहे हे त्या खेळात चित्र सांगत नाही, संगीत सांगतं.

आमच्या अलीकडच्याच स्थानकावर, वांगणीला, १७ एप्रिल २०२१ ला काय झालं ते तुम्ही सगळ्यांनी सीसीटीव्हीत पाहिलं असेल. दृष्टिहीन आईबरोबर चालणारं लहान मूल फलाटावरून रुळांवर पडलं, समोरून एक्स्प्रेस येत होती, आणि रेल्वेचे पॉइंट्समन मयूर शेळके गाडीच्या दिशेने धावले, मुलाला वर ढकललं आणि स्वतः कसेबसे वर चढले. मी ती चित्रफीत वर्गात दाखवली होती. तिला आवाज नव्हता. मुलं एकदम गप्प झाली. एकजण हळूच म्हणाली, "बाई, याला म्युझिक नाहीये ना, म्हणून जास्त भीती वाटते." त्या मुलीने जे सांगितलं ते मला कुठल्याही प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. खेळातला रेल्वेचा माणूस मुलाला पकडायला धावतो, वांगणीतला वाचवायला धावला, हेही त्यांच्यातल्याच एकाच्या लक्षात आलं.

आता पालक म्हणतील, बाई, सरकारने कायदा केला की. केला ना. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळायच्या खेळांवर त्याने बंदी आणली. चांगलंच झालं. पण आपल्या पाचवीच्या मुलाला त्या कायद्याशी काय घेणं? तो पैसे लावून खेळत नाही, तो फुकटचा खेळ खेळतो आणि त्यात मधूनच काहीतरी विकत घ्यावंसं वाटतं. ते वाटावं म्हणून पेटी उघडताना जो सुरांचा फवारा उडतो, त्याच्यावर कुठला कायदा येणार? जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या विकाराला आजारांच्या यादीत घेतलं, ती यादी २०२२ पासून लागूही झाली. पण तो विकार म्हणजे खेळावरचा ताबाच सुटणं, साधारण वर्षभर तसंच चालू राहणं आणि बाकीचं आयुष्य कोलमडणं. आपल्या वर्गातली बहुतेक मुलं आजारी नाहीत हो. ती ऐकत असतात एवढंच. त्यांना दवाखान्याची गरज नाही. कुणीतरी जवळ बसून "हा आवाज इथे का ठेवला असेल रे?" असं विचारायची गरज आहे.

बीजीएमआय २०२३ मध्ये परत आला तेव्हा अठराखालच्या मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली होती. तीन तास! आणि हे कमी करून बरं का. आमच्या वेळापत्रकात संगीताला आठवडाभरात मिळून त्याच्या पासंगालाही पुरेल एवढा वेळ नसतो. 'खेळू, करू, शिकू' या पुस्तकात गायन-वादनाला जागा आहे, पण शिष्यवृत्ती, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती भरणं यात तो तास कुठे जातो ते तुम्हाला सांगायला नको. म्हणजे मुलांचा संगीताचा तास आपण रिकामा सोडला आणि तो कुणीतरी भरला. यात तक्रार कुणाविरुद्ध करायची?

चांगलं उदाहरण द्यायचं तर जगात भरपूर आहेत. २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला देशोदेशीचे खेळाडू मैदानात येत होते, तेव्हा वाजत होतं ते जपानी व्हिडिओ गेममधलं संगीत. ऑलिम्पिकमध्ये! स्वतःचं म्हणून जगाला काय ऐकवावं, तर त्यांनी हे ऐकवलं. 'सिव्हिलायझेशन फोर' या २००५ च्या गेमसाठी ख्रिस्तोफर टिन यांनी 'बाबा येतू' हे स्वाहिली भाषेतलं गाणं केलं, त्याला २०११ मध्ये ग्रॅमी मिळालं. 'जर्नी' नावाचा २०१२ चा खेळ आहे, त्यात एक प्रवासी वाळवंटातून डोंगराकडे चालत जातो, कुणाला मारायचं नाही, कुणाशी बोलताही येत नाही. ऑस्टिन विंटरी यांचं संगीत त्याच्याबरोबर चालतं, थांबतं, थंडीत गोठतं. जमलं तर हेडफोन लावून नुसतं ऐका. मला तरी ऐकताना वारीची आठवण झाली, का ते विचारू नका. २०२३ पासून तर ग्रॅमीत गेमच्या संगीताला स्वतंत्र विभागच झाला आहे.

आणि टेट्रिस. मॉस्कोत जन्मलेला ठोकळ्यांचा खेळ. १९८९ मध्ये गेमबॉय या हातातल्या यंत्रावर तो आला तेव्हा त्याला लावली होती 'कोरोबेनिकी' या रशियन लोकगीताची चाल. गावोगाव माल विकत फिरणाऱ्या फेरीवाल्याचं गाणं ते, एकोणिसाव्या शतकातलं. आज जगभरातल्या ज्या मुलांना रशिया नकाशात दाखवता येणार नाही त्यांना ती चाल येते. लोकगीत टिकवायचं म्हणजे दरवर्षी एकदा स्नेहसंमेलनात नऊवारी नेसवून नाचवायचं, अशी आपली समजूत आहे. हे दुसरं उदाहरण बघा.

मग आपलं काय? महाराष्ट्रात गेम तयार होत नाहीत असं नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' हा खेळ २०२० मध्ये काढला. सर्कशीत काम करणारी राजी नावाची मुलगी, राक्षसांनी पळवून नेलेल्या गोलू या धाकट्या भावाला शोधत निघते, आणि दुर्गा व विष्णू ही कथा सांगतात. चित्रं सुंदर आहेत, राजस्थानी महाल, भिंतीवर रंगवलेल्या कथा. त्या वर्षी गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या खेळांत त्याला नामांकनही मिळालं. पैसे उभे करताना त्यांची दमछाक झाली होती, लोकवर्गणीचा प्रयत्न फसला होता, तरी त्यांनी तो पूर्ण केला. अभिमान वाटावा असंच काम. संगीत मात्र केलंय ग्रीसच्या लिनोस त्झेलोस यांनी. चांगलं केलंय, भारतीय सूर आहेत, आणि परदेशी माणसाने आपलं संगीत करू नये असं मी मुळीच म्हणणार नाही. कला काही सातबाऱ्यावर नसते. तरी मनात आलंच, पुण्यात तयार झालेल्या खेळात संबळ का नाही? तुतारी का नाही? पुण्याच्याच सुपरगेमिंगने २०२४ मध्ये 'इंडस' हा पबजीच्या जातीचा खेळ आणला. लुडो किंग तर नवी मुंबईच्या कंपनीचाच, टाळेबंदीत घरोघर खेळला गेला. फासा टाकला की तोच खुळखुळाट, दर वेळी अगदी तोच. आजीच्या हातातल्या कवड्या कधी दोनदा सारख्या वाजल्या होत्या का?

तमिळ लोकांचं बघा. 'वेन्बा' हा २०२३ चा छोटासा खेळ, कॅनडात राहायला गेलेल्या तमिळ कुटुंबाचा. आई स्वयंपाक करते, आपण इडली-पुट्टू करायला मदत करायची, आणि रेडिओवर तमिळ गाणी लागतात, जुन्या काळापासून नव्या काळापर्यंतच्या सिनेसंगीताची आठवण यावी अशी, पण या खेळासाठी नव्याने केलेली. त्याला बाफ्टा पुरस्कार मिळाला. कॅनडात बसून त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघराचा आवाज जगाला ऐकवला. आपल्याकडे आगरी लग्नातली धवलारीण आहे, गौरीची गाणी आहेत, जाखडी आहे, सप्ताहातला पखवाज आहे, नेरळहून माथेरानला १९०७ पासून चढणारी झुकझुकगाडी आहे. यातला एक आवाजही आमच्या मुलांनी कुठल्या गेममध्ये ऐकलेला नाही. म्हणून त्यांच्या मनात नकळत पक्कं होतं की आपला आवाज कार्यक्रमाचा, खरा मजेचा आवाज बाहेरचा. माझी खरी तक्रार ही आहे, डोळे बिघडण्याची त्यानंतर.

माझ्या एका सहकारी सरांना हे सगळं पटत नाही. ते म्हणतात, "मॅडम, वर्गात गेमचं नाव काढलंत की मुलांना परवानाच मिळाला." त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पहिल्यांदा विषय काढला तेव्हा वर्ग अर्धा तास आवरत नव्हता, आणि दोन पालकांनी फोन करून विचारलं की शाळेत हेच शिकवणार का. पण मुलं खेळतातच, मी नाव काढो की न काढो. दारूबद्दल न बोलून कुठल्या वाडीतली दारू बंद झाली? आणि मी खेळायला सांगत नाही, ऐकायला सांगते, यात फरक आहे. खरं म्हणजे ऐकायला लागलेलं मूल थोडं कमी गुंततं, असं माझं निरीक्षण आहे. जादूगाराच्या हाताकडे बघायची सवय लागली की जादू थोडी कमी होते ना, तसं.

करायचं काय, तर फार काही नाही. स्वतःच्या फोनवर एखाद्या साध्या गेमची दोन मिनिटांची चित्रफीत आधी आवाज बंद करून दाखवा. मग चित्र झाकून नुसता आवाज ऐकवा. मग दोन्ही. मधे विचारा, कुठे घाई वाटली, कुठे भीती, कुठे 'अजून एकदा' वाटलं, आणि तेव्हा काय वाजत होतं. उत्तरं फळ्यावर लिहा. व्याकरण तपासू नका त्या दिवशी. विशेषणं शिकवायची असतील तर याच्यासारखा पाठ नाही. 'चांगला आवाज' लिहिणारी मुलं शेवटी 'दबका', 'बोचरा', 'ओला', 'खोटा' असे शब्द काढतात. 'खोटा आवाज' हा शब्द माझ्या वर्गातल्या मुलानेच शाबासकीच्या आवाजाला दिला. कारण विचारलं तर म्हणाला, "मी काहीच नाही केलं तरी तो छान म्हणाला."

दुसऱ्या दिवशी उलटं करा. खेळ आपला, आवाज मुलांचा. आम्ही लंगडी घेतली. डाव मैदानात, आणि कडेला सहा जणांचं वाद्यवृंद : ताटल्या, पत्र्याचा डबा, कंपासपेटी, शाळेतले टाळ, एक ढोलकी. नियम असा, की लंगडी घालणाऱ्याला कोण जवळ आहे ते फक्त आवाजावरून कळलं पाहिजे आणि वेळ संपत आली की ठेका वाढला पाहिजे. पहिले दोन डाव नुसता गोंगाट झाला, शेजारच्या वर्गातले सर खिडकीत येऊन बघून गेले. तिसऱ्या डावाला वाडीवरचा एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नाही, त्याने डबा ओढून घेतला आणि त्यांच्याकडे लग्नात ढोलावर वाजतो तो ठेका धरला. हळू, मग थोडा चढा, मग असा की लंगडी घालणारी पोरगी पाय बदलायचंही विसरली. बाद झाल्यावर कुठला आवाज वाजवायचा यावर मात्र त्यांचं एकमत झालं नाही. टॉवरमधल्या दोघांना गेममधलाच 'टू-डू-डूम' हवा होता, मुलींना टाळाचा एकच ठोका हवा होता, आणि त्या डबेवाल्याचं म्हणणं होतं की बाद झाल्यावर काहीच वाजवू नये, सगळ्यांनी थांबायचं. मतदान घ्यायचं ठरलं तेवढ्यात शाळा सुटली, आणि आता ते प्रकरण सोमवारपर्यंत तसंच राहिलंय.